ईव्ह ऑनलाइनमध्ये दुसऱ्याच्या स्ट्रक्चरात ऑफिस भाड्याने घेताना: नव्या कॉर्पसाठी वाटाड्या

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये गोदामाला जागा कमी पडली, असं कधी होत नाही. कुठल्याही एनपीसी (गेमनेच चालवलेल्या) स्टेशनात डॉक करा, म्हणजे जहाज आत लावा, की तुमचा हँगर (मालाची कोठी) तिथे हजर. किती घनमीटर माल ठेवला हे कुणी विचारत नाही आणि भाडंही पडत नाही. मग इतक्या कॉर्प (खेळाडूंच्या कंपन्या) दर महिन्याला दुसऱ्या खेळाडूला इस्क, म्हणजे गेममधले पैसे, कशाचे मोजतात?

मला हा प्रश्न उशिरा पडला. तोवर मी एकदा ब्लूप्रिंट (माल बनवायचे आराखडे) घालवून बसलो होतो आणि एकदा अख्खं ऑफिसच. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

फुकट असतो तो तुमचा एकट्याचा हँगर. चार जणांना मिळून एकाच साठ्यातून खनिजं घ्यायची, माल बनवायचा आणि परत तिथेच ठेवायचा असेल तर कॉर्पचा हँगर लागतो, आणि तो फक्त कॉर्पचं ऑफिस असेल त्याच जागी उघडतो. ऑफिस एनपीसी स्टेशनातही मिळतं, पण तिथे ऑफिसांची संख्या ठरलेली असते आणि गर्दीच्या स्टेशनात भाडं चांगलंच चढतं. शिवाय कित्येक सिस्टिममध्ये, म्हणजे नकाशावरच्या ताऱ्यांच्या प्रदेशांत, एनपीसी स्टेशनच नसतं. तिथे २०१६ पासून खेळाडूंनी उभारलेली अपवेल स्ट्रक्चरं कामी येतात: अ‍ॅस्ट्राहस, फोर्टिझार, रायतारू, अझबेल, अथानोर, तातारा वगैरे. त्यांचा मालक म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच खेळाडूंची एखादी कॉर्प. भाडं तीच ठरवते आणि घेतेही तीच.

जागा अमर्याद असल्यामुळे भाडं जागेचं नसतंच. मालक वेळोवेळी लॉग-इन करून स्ट्रक्चरात इंधन टाकतो, त्याचे पैसे आपण देतो. हे ध्यानात ठेवलंत तर पुढच्या बहुतेक पायऱ्या आपोआप कळतील.

१. ऑफिस खरंच हवंय का?

एकटेच खेळत असाल तर नको. ज्या स्ट्रक्चरात तुम्हाला डॉक करता येतं तिथे तुमचा स्वतःचा हँगर आहेच. ऑफिस घ्यावं ते दोन-तीन माणसं किंवा तुमचीच दोन-तीन ऑल्ट (जादाची) कॅरेक्टरं एका साठ्यावर काम करत असतील तेव्हा, किंवा कॉर्पच्या ब्लूप्रिंटवर त्या स्ट्रक्चरात जॉब (उत्पादनाची कामं) लावायचे असतील तेव्हा.

‘भाड्याने कशाला, आपणच एक रायतारू उभारू,’ असं कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडेही म्हणालं. पण डिसेंबर २०१८ पासून नियम असा आहे की जिच्याकडे स्वतःचं स्ट्रक्चर आहे तिच्यावरच युद्ध पुकारता येतं. नवशिक्यांची पाच जणांची कॉर्प स्ट्रक्चर उभारते आणि त्याच दिवसापासून हाय-सेकमध्येही (पहारा असलेल्या सुरक्षित भागातही) युद्धाच्या टप्प्यात येते. भाडेकरू राहिलात तर ही ब्याद मालकाच्या गळ्यात. एक अपवाद मात्र आहे: तुमची कॉर्प एखाद्या अलायन्समध्ये (कॉर्पच्या संघात) असेल आणि त्या अलायन्समध्ये कुणाचंही स्ट्रक्चर असेल, तर तुम्हीही युद्धाच्या टप्प्यात आलात.

२. हाताशी काय हवं

- स्वतःची कॉर्प. ती काढायला कॉर्पोरेशन मॅनेजमेंट हे स्किल आणि सुमारे १६ लाख इस्क लागतात.
- ऑफिस घेणाऱ्या कॅरेक्टरकडे ‘रेंट ऑफिस’ हा रोल (कॉर्पमधला अधिकार). सीईओ आणि डायरेक्टर यांना वेगळा द्यावा लागत नाही.
- कॉर्पच्या वॉलेटमध्ये निदान तीन महिन्यांचं भाडं. वॉलेट कॉर्पचं, तुमचं नव्हे. बिल कॉर्पच्या नावाने येतं.
- एखादं ऑल्ट कॅरेक्टर, स्वस्तातल्या फ्रिगेटमध्ये (छोट्या जहाजात). जागा बघायला तेच पाठवा.
- झीकिलबोर्ड आणि डॉटलॅन या दोन साइट. पहिल्या साइटवर कोण कुणाला कुठे मारतंय ते दिसतं, दुसऱ्या साइटवर नकाशा आणि वाटेवरच्या सिस्टिममध्ये किती जहाजं फुटली ते.
- एक साधी स्प्रेडशीट. कुठल्या डिव्हिजनमध्ये काय आहे आणि अंदाजे किमतीचं किती, एवढंच लिहा. पुढे अ‍ॅसेट सेफ्टीची (संकटात माल वाचवणाऱ्या गेममधल्या सोयीची) वेळ आलीच तर हीच वही उपयोगी पडते.

३. स्ट्रक्चर आणि मालक पारखून घ्या

गेममधल्या स्ट्रक्चर ब्राउझरमध्ये तुम्हाला प्रवेश असलेली स्ट्रक्चरं दिसतात. जिता या सगळ्यात मोठ्या बाजाराच्या सिस्टिममध्ये खेळाडूंना स्ट्रक्चर उभारता येत नाही, म्हणून शेजारच्या पेरिमीटरमध्ये गर्दी असते. पण नव्या कॉर्पने बाजाराला चिकटूनच राहायला हवं असं काही नाही. खनिजं जिथे काढता तिथून दोन-तीन उड्यांवर, हाय-सेकमध्ये, शांत जागा बघा.

आता ऑल्टला तिथे डॉक करायला लावा आणि स्टेशनच्या पॅनेलमध्ये ऑफिसांचा टॅब उघडा. त्या स्ट्रक्चरात कुणाकुणाची ऑफिसं आहेत याची यादी तिथे दिसते. नवखे हा टॅब उघडून भाड्याचा आकडा बघतात आणि बंद करतात. यादी वाचा. दहा-बारा वेगवेगळ्या कॉर्प दिसत असतील तर मालकाला भाड्यातून उत्पन्न आहे, म्हणजे स्ट्रक्चर चालू ठेवण्यात त्याचा फायदा आहे. यादीत एकटीच कॉर्प असेल आणि तीही मालकाचीच, तर तो उद्या कंटाळला की संपलं.

त्यानंतर इंधनाकडे वळा. स्ट्रक्चरातल्या सर्व्हिस, म्हणजे मार्केट, रिप्रोसेसिंग (खनिज गाळणं), मॅन्युफॅक्चरिंग वगैरे, फ्युएल ब्लॉकवर चालतात. एकही सर्व्हिस चालू नसेल तर स्ट्रक्चर ‘लो पॉवर’ होतं. सात दिवस तसंच राहिलं तर ‘अबँडन्ड’. मे २०२० पासून अबँडन्ड स्ट्रक्चरला अ‍ॅसेट सेफ्टी मिळत नाही. कुणीही येऊन ते फोडलं तर आतला माल लूट म्हणून बाहेर पडतो. त्यात तुमचाही माल असतो आणि भाडं वेळेवर भरलेलं असलं तरी काही फरक पडत नाही.

मालकाच्या टाकीत किती इंधन शिल्लक आहे हे भाडेकरूला दिसत नाही. सर्व्हिस चालू आहेत की बंद, हे मात्र दिसतं. म्हणून ऑफिस घेण्याआधी आठवडाभर, दर दोन दिवसांनी ऑल्टला फेरी मारायला लावा. एखादी सर्व्हिस बंद-चालू होत असेल तर मालक इंधन अगदी काठावर भरतोय. अशी जागा सोडून द्या, भाडं कितीही कमी असो.

माझं अख्खं ऑफिस याच कारणाने गेलं. लो-सेकमधलं (कमी पहाऱ्याच्या भागातलं) एक अथानोर होतं, भाडं नावापुरतं. एके दिवशी रिप्रोसेसिंगची खिडकी उघडेना. मला वाटलं, गेममध्येच काहीतरी घोळ आहे, डाउनटाइमनंतर (सर्व्हरच्या रोजच्या देखभालीनंतर) सुरू होईल. दुसऱ्या दिवशीही तेच. मालकाला ईव्हमेल टाकली आणि उत्तराची वाट बघत बसलो. तो माणूस खेळायचंच सोडून गेला होता. सात दिवस उलटले, आणि नंतर कधीतरी, आमच्यापैकी कुणीही ऑनलाइन नसताना, ते फुटलं. सर्व्हिस बंद दिसली त्याच दिवशी निम्मा माल हलवला असता तरी कॉर्प वाचली असती. आता माझा नियम ठरलेला आहे: सगळ्या सर्व्हिस बंद दिसल्या की त्याच दिवशी मौल्यवान माल बाहेर. मालकाला विचारणा नंतर.

मालक कॉर्पचं नाव झीकिलबोर्डवर टाकून बघा. अलीकडे त्यांची स्ट्रक्चरं फुटली आहेत का? ते सध्या युद्धात आहेत का? चालू युद्ध त्या कॉर्पच्या माहितीत गेममध्येच दिसतं. युद्धातल्या मालकाकडे ऑफिस घेऊ नये, एवढं पुरे.

वर्महोलमध्ये (नेहमीच्या नकाशाबाहेरच्या भागात) कुणी स्वस्तात ऑफिस देत असेल तर नको म्हणा. तिथे अ‍ॅसेट सेफ्टी अजिबात नसते, स्ट्रक्चरात इंधन काठोकाठ भरलेलं असलं तरी.

४. ऑफिस घ्या

हे सगळ्यात सोपं काम. रोल असलेल्या कॅरेक्टरने तिथे डॉक करायचं, ऑफिसांच्या टॅबमधलं बटण दाबायचं, आकडा वाचायचा आणि हो म्हणायचं. आकडा वाचायचा, हे मुद्दाम सांगतोय. भाडं मालक ठरवतो, आणि एक शून्य जास्त असलं तरी खिडकी तेवढ्याच शांतपणे विचारते.

त्याआधी आणखी एक बघून घ्या: डॉकिंग सगळ्यांसाठी खुलं आहे की अ‍ॅक्सेस लिस्टवर? लिस्ट असेल तर मालकाला तुमच्या एकट्याचं नाव नव्हे, अख्ख्या कॉर्पचं नाव टाकायला सांगा. नाहीतर ऑफिस तुमचं, आणि तुमचेच मेंबर बाहेर घिरट्या घालतायत, असा प्रकार होतो.

५. रोल लावा, माल आणण्याआधी

ऑफिस मिळालं की सात हँगर डिव्हिजन मिळतात. प्रत्येकीला दोन तऱ्हेची परवानगी असते: ‘क्वेरी’ म्हणजे आत बघणं, ‘टेक’ म्हणजे काढून घेणं. इथवर सगळ्यांना कळतं. गोंधळ पुढे आहे. हीच परवानगी तीन ठिकाणांसाठी वेगवेगळी द्यावी लागते: हेडक्वार्टर, बेस आणि ‘अदर’. हेडक्वार्टर म्हणजे कॉर्पचं मुख्य ठिकाण. बेस प्रत्येक मेंबरला वेगळा नेमून देता येतो. उरलेली जगातली सगळी ऑफिसं ‘अदर’मध्ये मोडतात.

नवीन भाड्याचं ऑफिस कुठल्या खात्यात पडतं? तुम्ही काही बदललं नाहीत तर ‘अदर’मध्ये. आमच्या कॉर्पचं आधी दूर कुठेतरी एक छोटं ऑफिस होतं, त्यात फुटकळ दारूगोळा आणि नवख्यांसाठी जहाजं. कुणीही काय लागेल ते घ्यावं म्हणून मी सगळ्यांना ‘अदर’च्या सातही डिव्हिजनवर ‘टेक’ देऊन ठेवला होता. वर्षभराने नवीन ऑफिस घेतलं, मूळ ब्लूप्रिंट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये नेऊन ठेवल्या, तिचं नाव ‘फक्त डायरेक्टर’ असं ठेवलं आणि निश्चिंत झोपलो. नाव ठेवल्याने कुलूप लागत नाही. नऊ दिवसांपूर्वी आलेला एक मेंबर सकाळी सगळ्या ब्लूप्रिंट घेऊन कॉर्प सोडून गेला होता. तक्रार करायला जागा नव्हती. त्याला ती परवानगी मीच दिली होती, आणि या गेममध्ये अशी चोरी नियमात बसते.

तेव्हा क्रम असा ठेवा. ‘अदर’मधले सगळ्यांचे ‘टेक’ काढा. एक डिव्हिजन सर्वांसाठी, एक खनिजं टाकायला, एक तयार मालाची, आणि किमान एक अशी की जिच्यावर डायरेक्टरांशिवाय कुणालाच ‘टेक’ नाही. मग एखाद्या साध्या मेंबरला डॉक करायला लावा आणि त्याला काय-काय उचलता येतंय ते प्रत्यक्ष करून बघायला सांगा. सीईओच्या खात्यातून तपासून काही कळत नाही, त्याला सगळंच उघडं असतं.

‘कंटेनर टेक’ हा रोल वेगळा असतो, तोही बघा. ऑडिट लॉग कंटेनर वापरलात तर कुणी काय ठेवलं आणि कुणी काढलं याची नोंद राहते. त्याने चोरी थांबत नाही. पण ‘मी नाही घेतलं’वरून कॉर्पमध्ये होणारी भांडणं नक्की थांबतात.

६. माल हलवा

जहाजं नेताना आधी रिपॅकेज करा. रिफ्टरसारखं साधं फ्रिगेट बांधलेल्या अवस्थेत २७ हजार घनमीटरहून जास्त जागा खातं, पॅकेज केलं की अडीच हजार. बॅटलशिप पॅकेज केल्यावर ५० हजार. पण जहाजाला रिग (कायमचे बसवलेले भाग) लावलेले असतील तर रिपॅकेज करताना ते नष्ट होतात. महागडे रिग असलेलं जहाज कुणीतरी उडवतच न्यावं.

सगळा माल एका फेरीत नेऊ नका. हाय-सेकमध्येही भरलेल्या मालवाहू जहाजांवर टोळ्या टपून असतात. कॉन्कॉर्ड (गेममधले पोलिस) येऊन त्यांना मारतं, पण तोवर तुमचं जहाज फुटलेलं असतं. उएदामासारख्या बदनाम सिस्टिम वाटेत असतील तर डॉटलॅनवर त्या तासाभरातला आकडा बघून निघा.

कुरियर कॉन्ट्रॅक्ट देणार असाल तर एक खाच आहे. तुमचं स्ट्रक्चर सगळ्यांसाठी खुलं नसेल तर अनोळखी कुरियर काम घेणार नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. कारण ही फसवणूक जुनी आहे: मोठं बक्षीस, त्याहून मोठं कोलॅटरल (कुरियरने ठेवायची अनामत), आणि माल पोचवायचा अशा स्ट्रक्चरात जिथे कुरियरला डॉकच करता येत नाही. मुदत संपते, कोलॅटरल जातं. तुम्ही स्वतः कधी कुरियरचं काम घेतलंत तर पोचवायच्या जागी डॉक करता येतं का, हे काम स्वीकारण्याआधी बघा. आणि तुमच्या मालासाठी सोपा उपाय म्हणजे त्याच सिस्टिममधल्या एनपीसी स्टेशनापर्यंत कुरियर, शेवटचा टप्पा स्वतः.

७. बिल

भाडं दर ३० दिवसांनी कॉर्पच्या बिलांत येतं. भाड्याची बिलं आपोआप भरली जावीत अशी सेटिंग कॉर्पच्या वॉलेटमध्ये आहे, ती चालू करा आणि ज्या वॉलेट डिव्हिजनमधून पैसे जाणार तिथे शिल्लक ठेवा. बिल थकलं की ऑफिस जातं आणि आतला माल सोडवून घेण्याचं लचांड मागे लागतं. आपोआप भरलं जातंय म्हणून बघायचं सोडू नका. आकडा मालकाच्या हातात आहे, महिन्यातून एकदा नजर टाका.

८. मालकाने दार लावलं तर

भाडेकरूंना संरक्षण देणारा एकही नियम गेममध्ये नाही. मालक कधीही तुम्हाला अ‍ॅक्सेस लिस्टमधून काढू शकतो. तो स्ट्रक्चर दुसऱ्या कॉर्पला देऊन टाकू शकतो, किंवा उखडून नेऊ शकतो. उखडायला सात दिवस लागतात, एवढीच सवड.

डॉकिंग बंद झालं तरी घाबरून जाऊ नका, माल तुमचाच आहे. मालकाला तो उचलता येत नाही. तुम्ही आत असाल तर बाहेर पडू नका, कारण पडलात की परत आत येता येणार नाही. आत राहून जमेल तेवढा माल जहाजात भरा. बाकीच्यासाठी अ‍ॅसेट सेफ्टी. ती दूर बसूनही सुरू करता येते. कॉर्पच्या मालासाठी ते काम डायरेक्टरने करायचं. स्ट्रक्चर फुटलं तर ती आपोआप सुरू होते, अर्थात वर सांगितलेले अबँडन्ड आणि वर्महोल सोडून.

आता पैशाचं गणित. पाच दिवसांनंतर तुम्ही माल त्याच सिस्टिममधल्या दुसऱ्या स्टेशनात किंवा डॉक करता येणाऱ्या स्ट्रक्चरात मागवू शकता. शुल्क किमतीच्या अर्धा टक्का. काहीच केलं नाहीत तर २० दिवसांनी गेम तो आपण होऊन एका एनपीसी स्टेशनात पोचवतो आणि १५ टक्के कापतो. दोन अब्ज इस्कचा माल असेल तर पहिल्या वाटेने एक कोटी, दुसऱ्या वाटेने तीस कोटी. म्हणून ऑफिस निवडताना त्याच सिस्टिममध्ये एखादं एनपीसी स्टेशन आहे का हे मी आधी बघतो. भाड्यात महिन्याला वाचणारे चार पैसे या फरकापुढे काहीच नाहीत.

९. पोटभाडेकरू आणि ‘माझ्या हँगरात ठेव’ म्हणणारे

थोडी ओळख झाली की कुणीतरी म्हणतं, ‘ऑफिस कशाला घेतोस, माझ्याकडे ठेव, महिन्याला थोडे इस्क दे.’ गेममध्ये अशा व्यवहाराची सोयच नाही. दुसऱ्याच्या हँगरात टाकलेला माल त्याचा होतो. किंवा तो म्हणेल, ‘माझ्या कॉर्पमध्ये ये, एक डिव्हिजन तुला देतो.’ त्या डिव्हिजनवर त्याच्या प्रत्येक डायरेक्टरचा हात असतो. ईव्हमेलमधल्या वचनाला कुणी बांधील नाही आणि सपोर्टवाले असल्या भांडणात पडत नाहीत.

‘भाडं खऱ्या पैशात दे, स्वस्त पडेल’ असं म्हणणारा भेटला तर तिथेच बोलणं थांबवा. इस्कची खऱ्या पैशात देवाणघेवाण नियमाविरुद्ध आहे, आणि त्यात गोदाम नाही, खातंच जातं.

१०. ऑफिस सोडताना

आधी चालू जॉब बघा. तयार होणारा माल त्याच ऑफिसच्या हँगरात येऊन पडतो, त्यामुळे जॉब संपल्याशिवाय ऑफिस सोडू नका. सातही डिव्हिजन एकेक करून उघडा, नावावरून रिकामी समजू नका. कॉर्प डिलिव्हरीज वेगळ्या दिसतात, बाजारातून कॉर्पच्या नावाने घेतलेला माल तिथे पडून राहिलेला असतो. ते सगळं झालं की ऑफिस सोडा, आणि आपोआप भरण्याच्या बिलांच्या यादीत अजून कुठलं विसरलेलं जुनं ऑफिस तर नाही ना, तेही त्याच बैठकीत बघून घ्या. आमचं एक निघालं होतं. अकरा महिने भाडं जात होतं आणि आत शंभर-एक ड्रोन होते.